उसनं म्हातारपण

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९२६. तुम्ही डब्लिनमध्ये मार्लबरो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभे आहात आणि लिफी नदीवरून येणारा गारठा ओव्हरकोटाच्या आत शिरतो आहे. समोर ॲबी थिएटर. बाहेरून पाहिलं तर हे एका देशाचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे असं कुणाला वाटणार नाही. एका जुन्या नाट्यगृहाला शेजारची इमारत जोडून १९०४ साली ते सुरू झालं, आणि ती शेजारची इमारत म्हणजे पूर्वीचं शहराचं शवागार. आत साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या. लवकर आत शिरा आणि जागा धरा. आज प्रयोग भरलेला आहे, आणि आलेल्यांपैकी बरेच जण नाटक बघायला आलेलेच नाहीत.

पडद्याआड गाँगचे तीन ठोके पडतात. तिसऱ्या घंटेला सावरून बसायची तुमची सवय इथेही कामी येते. नाटक शॉन ओकेसी यांचं, ‘द प्लो अँड द स्टार्स’. सोमवारी त्याचा पहिला प्रयोग झाला, म्हणजे ते अजून आठवड्याचंही नाही. विषय १९१६च्या ईस्टर उठावाचा. त्या उठावाला जेमतेम दहा वर्षं होताहेत. त्यात गोळ्या खाल्लेल्यांच्या आया, बायका, बहिणी याच प्रेक्षागृहात तुमच्या मागेपुढे बसल्या आहेत. आणि ओकेसींनी दुसरा अंक ठेवला आहे दारूच्या गुत्त्यात. तिथे एक वेश्या गिऱ्हाइकाची वाट बघते आहे, बाहेर स्वातंत्र्याचं भाषण चाललं आहे, आणि सैनिक आपले झेंडे घेऊन गुत्त्यात शिरतात.

आरडाओरडा सुरू होतो. संवाद ऐकू येईनासे होतात. काही जण रंगमंचावर चढतात, एकजण पडदाच ओढायला बघतो. बॅरी फिट्झजेराल्ड हा नट एका घुसखोराला ठोसा लगावतो. या गोंधळात एक बारीक अंगाचा, गणवेशातला माणूस रंगमंचाच्या पुढच्या कडेला येतो. त्याच्याकडे नीट बघा, कारण आज मी तुम्हाला इथे त्याच्यासाठीच आणलं आहे. तो जॅक क्लिदरो करतोय, आणि जाहिरातीत त्याचं नाव एफ. जे. मॅकॉर्मिक असं आहे. खरं नाव पीटर जज. सरकारी नोकरीत असताना नाटकात काम करायचं म्हणून त्याने हे दुसरं नाव घेतलं, आणि पुढे नोकरी सुटली तरी नाव राहिलं. पस्तिशी ओलांडलेली आहे. बायको आयलीन क्रो हीसुद्धा याच कंपनीत, लग्न अगदी ताजं. एक वाक्य उच्चारायला तिने नकार दिल्याने तिची भूमिका या नाटकात दुसरीला द्यावी लागली आहे.

मॅकॉर्मिक प्रेक्षकांना विनवतो की नट वेगळे आणि नाटक वेगळं, एवढा फरक तरी करा. मला हे नेहमी खटकत आलं आहे. लेखक वादळात सापडलेला असताना त्याच्याच पात्राच्या कपड्यांत उभं राहून अंग काढून घेणं हे बरं नव्हे. पण तुम्ही आता तिथे बसला आहात आणि त्याचा चेहरा तुम्हाला दिसतो आहे. त्या माणसाला उद्या रात्री याच रंगमंचावर पुन्हा उभं राहायचं आहे. परवाही. पुढची वीस वर्षं. थोड्याच वेळाने पिकल्या केसांचे कवी येट्स रंगमंचावर येऊन सगळ्या सभागृहाला झापतील, इतिहासात ते भाषण राहील, आणि मॅकॉर्मिकची विनवणी तळटिपेत जाईल.

आता पावणेतीन वर्षं पुढे. तेच नाट्यगृह, नोव्हेंबर १९२८. डेनिस जॉन्स्टन यांनी ‘किंग लिअर’ बसवलं आहे आणि लिअर झाला आहे मॅकॉर्मिक. शेक्सपिअरचा हा राजा स्वतःच्या तोंडाने आपलं वय ऐंशीच्या पुढे सांगतो. आणि तो करणारा नट चाळिशीच्या उंबरठ्यावर! मराठी प्रेक्षकाला यात नवल नाही. डॉ. श्रीराम लागू १९७०च्या डिसेंबरात आप्पासाहेब बेलवलकर म्हणून पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. पुढे ते ९२ वर्षं जगले. आधी रंगमंचावर भेटलेलं म्हातारपण त्यांना नंतर घरीही भेटलं. आज ज्यांच्याकडे आपण चाललो आहोत त्या मंडळींना ते फक्त रंगमंचावरच भेटलं. ते वय त्यांनी उसनं आणून आपल्याला दाखवलं.

मॅकॉर्मिकचा लिअर बघून घ्या, पोटभर बघा. त्याचं चित्रीकरण झालेलं नाही आणि होणारही नाही. याच कंपनीत त्याने पाचशेच्या घरात भूमिका केल्या. आज ग्रीक राजा, पुढच्या आठवड्यात खेड्यातला दुकानदार, त्यानंतर कुणाचा तरी दारुडा सासरा. ओकेसींच्या ‘जुनो अँड द पेकॉक’मधला जॉक्सर डेली पहिल्यांदा त्यानेच उभा केला. येट्सनी सोफोक्लीजचा ईडिपस इंग्रजीत आणला तेव्हा ईडिपसही तोच. यातलं काहीच आपल्या हाती नाही.

हाती आहे ते बघायला १९४७च्या सुरुवातीला लंडनमधल्या एखाद्या चित्रपटगृहात बसा. कॅरल रीड यांचा ‘ऑड मॅन आउट’ नुकताच लागला आहे. जेम्स मेसन या चित्रपटाचा नायक. खांद्यात गोळी आहे, रक्त वाहतं आहे, आणि एका उत्तरेकडच्या आयरिश शहरात तो रात्रभर या दारातून त्या दारात भटकतो आहे. शहराचं नाव सांगत नाहीत, पण बेलफास्ट ओळखू येतं. आजूबाजूच्या माणसांत ॲबीची अर्धी कंपनी दिसेल. १९२६च्या त्या दंग्यातल्या मॉरीन डिलेनी आहेत. पाद्री झालेले डब्ल्यू. जी. फे तर ॲबीच्या संस्थापकांतले.

या पाद्र्याच्या खोलीत एक फाटका माणूस शिरतो. पक्षी पाळून विकणारा शेल. मॅकॉर्मिक. त्याला ठाऊक आहे की जखमी नायक कुठे आहे, आणि ती माहिती विकून चार पैसे मिळवायचे आहेत. पण पाद्र्यासमोर सरळ बोलायची सोय नाही. मग तो आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबद्दल बोलायला लागतो. एका पक्ष्याच्या पंखाला इजा झालीय म्हणतो. त्याचे डोळे पाद्र्याच्या चेहऱ्यावरून क्षणभर पिंजऱ्याकडे जातात आणि लगेच परत येतात, भाव ठरवणाऱ्या माणसासारखे. हात मात्र पिंजऱ्यावरून हलत नाहीत. त्याच्या लोभात खोट नाही आणि त्याच्या भाबडेपणातही नाही. एकाच श्वासात दोन्ही चालतात. जेम्स मेसन पडद्यावर मरत असताना तुम्ही या माणसाच्या पुढच्या प्रवेशाची वाट बघत आहात, हे तुमच्या उशिरा लक्षात येतं.

एप्रिल १९४७मध्ये मॅकॉर्मिक गेला. साठी गाठली नव्हती. चित्रपट लागून तीन महिनेही झाले नव्हते. इतक्या वर्षांत कॅमेरा त्याच्या वाटेला मोजक्या वेळा आला, आणि पाचशे भूमिकांमधून आपल्याकडे मुख्यतः एक पक्षीवाला उरला. पुढे जुलै १९५१मध्ये ॲबीलाही आग लागली. त्या संध्याकाळी तिथे प्रयोग झाला होता ‘द प्लो अँड द स्टार्स’चाच, ज्याच्या शेवटच्या अंकात खिडकीबाहेर डब्लिन जळत असतं. रात्री प्रेक्षक घरी गेल्यावर खरीखुरी आग लागली. तुम्ही ११ फेब्रुवारीला जिथे बसला होतात ती जागा गेली.

आता लंडन. २८ ऑक्टोबर १९५८. स्लोन स्क्वेअरला भुयारी रेल्वेतून वर या, रॉयल कोर्ट थिएटर स्टेशनाला लागूनच आहे. खालून गाडी गेली की प्रेक्षागृहात घरघर जाणवते. आज सॅम्युएल बेकेट यांच्या दोन नाटकांचा जोडप्रयोग आहे. पहिलं नाटक छोटं आणि एकपात्री, ‘क्रॅप्स लास्ट टेप’. त्यानंतर मोठं, ‘एंडगेम’.

पडदा वर जातो. अंधारात एक टेबल, त्यावर कडक पांढरा उजेड. टेबलावर टेपरेकॉर्डर आणि रिळांचे खोके. मागे बसलेला म्हातारा ६९ वर्षांचा आहे. आखूड काळी विजार, चेहरा पांढराफटक, नाक जांभळं, केस पिंजारलेले. त्याला नीट दिसत नाही, ऐकूही कमी येतं. खिशातून किल्ल्या काढतो, डोळ्यांशी नेतो, खण उघडतो आणि आतून केळं काढतो. केळं सोलण्यात किती वेळ जातो ते बघा. हसू येतं, पण मोठ्याने हसायचा धीर होत नाही.

हा क्रॅप. दर वाढदिवसाला तो वर्षभराचा लेखाजोखा टेपवर बोलून ठेवतो. आज त्याने तीस वर्षांपूर्वीचं रीळ शोधून काढलं आहे. बटण दाबतो आणि ३९ वर्षांच्या क्रॅपचा आवाज खोलीत येतो. भरदार, स्वतःवर खूश. तो आवाज विशीतल्या स्वतःला हसतो, आणि टेबलाशी बसलेला म्हातारा त्याच्याबरोबर हसतो. मग टेपवर एका मुलीची गोष्ट येते. होडी, लव्हाळी, ऊन. म्हातारा रीळ मागे फिरवून तेच पुन्हा ऐकतो, यंत्राला जवळजवळ मिठी मारून. बेकेटनी सूचनेतच लिहून ठेवलं आहे की ही भविष्यातली एक संध्याकाळ आहे. त्याला साधं कारण होतं. १९५८ साली घरगुती टेपरेकॉर्डर इतका नवा होता की तीस वर्षं जुनं रीळ कुणाच्या खोक्यात असणं शक्य नव्हतं.

क्रॅप करणारा नट आर्माचा आहे, पॅट्रिक मगी. वय ३६. टेपवरचा आवाज साधारण त्याच्या खऱ्या वयाचा आणि समोरचा देह तेहतीस वर्षं पुढचा. हे नाटक त्याच्यासाठीच लिहिलेलं आहे, खरं तर त्याच्या आवाजासाठी. मागच्या हिवाळ्यात बेकेटनी बीबीसी रेडिओवर मगीला आपलं गद्य वाचताना ऐकलं आणि त्यातून हे सुरू झालं. तुम्ही तो आवाज आता ऐकताच आहात. घशात खडी असावी तसा तो खरखरतो आणि तरी कुजबुजीइतका हळू येतो. शेवटी टेप संपते, रीळ रिकामं फिरत राहतं आणि मगी समोर बघत बसतो. खालून एक गाडी जाते.

मध्यंतरात बाहेर आलात तरी हिशेब करायचा मोह टाळा. मी करून ठेवला आहे. १९५८ साली ३९ वर्षांचा असलेला माणूस ६९चा होईल १९८८ साली. मगी १९८२च्या ऑगस्टमध्ये गेला, ६०व्या वर्षी. त्याचं स्वतःचं ६९वं वर्ष उजाडलं असतं १९९१ला. म्हणजे क्रॅपचं वय त्याच्या वाट्याला ती पाऊण तासाची संध्याकाळ आणि तिचे पुढचे प्रयोग, एवढंच आलं. एक गोष्ट मात्र बरी झाली. १९७२ साली बीबीसीने मगीचा क्रॅप चित्रित केला. तेव्हा तो ५० वर्षांचा होता, चेहऱ्यावर रंगभूषेला थोडं कमी काम उरलं होतं. मॅकॉर्मिकच्या लिअरचं जे झालं नाही ते इथे झालं.

आत चला, ‘एंडगेम’ सुरू होतंय. खुर्चीतला आंधळा हॅम म्हणजे रॉयल कोर्टचे प्रमुख जॉर्ज डिव्हाइन, आणि ज्याला बसता येत नाही तो नोकर क्लोव्ह म्हणजे डब्लिनचा जॅक मॅकगॉवरन. काटकुळा, ताठ पायांनी चालणारा. शिडी घेऊन खिडकीशी जातो, चढतो, बाहेर बघतो, उतरतो, काहीतरी विसरलं म्हणून परत येतो. तीस वर्षं हेच करत आलेल्या माणसाचा कंटाळा त्याच्या गुडघ्यांत दिसतो. हा पुढे बेकेटचा सगळ्यात जवळचा नट होणार आहे.

त्याच्याबरोबर तीन ठिकाणी पटापट जाऊन येऊ.

पहिलं, ४ जुलै १९६६, ब्रिटनमधल्या कुठल्याही घरातला दूरचित्रवाणी संच. बेकेटनी मॅकगॉवरनच्या चेहऱ्यासाठी लिहिलेलं ‘ए जो’. मॅकगॉवरन खाटेवर बसला आहे आणि एक शब्दही बोलत नाही. बाईचा आवाज त्याच्या कानात त्याची पापं ओतत राहतो, आणि आवाज थांबला की कॅमेरा थोडा पुढे सरकतो, नऊ वेळा, अगदी डोळ्यांपर्यंत. संहितेत जोचं वय पन्नाशीच्या शेवटाकडचं. मॅकगॉवरन ४७चा.

दुसरं, डेन्मार्कचा हिवाळा. पीटर ब्रूक ‘किंग लिअर’चा चित्रपट करताहेत. लिअर पॉल स्कोफील्ड. त्याचा विदूषक मॅकगॉवरन, आणि कॉर्नवॉल हा पॅट्रिक मगी. थंडीने सगळ्यांची नाकं लाल झाली आहेत, बर्फावर गाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत. या नाटकात विदूषक तिसऱ्या अंकात शेवटचा दिसतो. पुढे तो कुठे गेला, त्याचं काय झालं, हे शेक्सपिअर सांगत नाही, आणि त्याच्याशिवाय म्हाताऱ्या राजाला आणखी दोन अंक काढावे लागतात.

तिसरं, जानेवारी १९७३, न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर. नाटक ऐकून तुम्ही चमकाल. ‘द प्लो अँड द स्टार्स’. मॅकगॉवरन फ्लूथर गुड झाला आहे, म्हणजे १९२६ साली घुसखोराला ठोसा लगावणाऱ्या बॅरी फिट्झजेराल्डची भूमिका. भांडखोर, पिणारा, मनाने मऊ सुतार. शहरात फ्लूची साथ आहे. मॅकगॉवरनने इतक्यातच एका हॉलिवूडपटात दिग्दर्शकाच्या भूमिकेचं काम संपवलं आहे, ज्यात ते पात्र जिन्यावरून पडून मरतं. चित्रपट ‘द एक्झॉर्सिस्ट’. नाताळच्या सुमारास तो लागेल आणि जगभरचे लाखो प्रेक्षक मॅकगॉवरनला पहिल्यांदा आणि शेवटचं बघतील, तो जाऊन अकरा महिने झालेले असताना. जानेवारी संपता संपता फ्लूने त्याला गाठलं. वय ५४. जोच्या वयापर्यंत तो पोचला नाही.

इथे थांबून एक बोलायला हवं, कारण आयरिश नटांचं नाव निघालं की लोक लगेच दारूवर येतात. दारू होती. मगी प्यायचा, मॅकगॉवरन प्यायचा, आणि आपण ज्याच्याकडे शेवटी जाणार आहोत त्यानेही एके काळी पुष्कळ प्यायली आणि मग सोडली. पण ‘पिऊन मेले’ म्हणून हात झटकायला मी तयार नाही. एकाला फ्लूने नेलं, एकाला हृदयाने, एकाला कर्करोगाने. आयुष्यभर संध्याकाळी साडेसातला अंगातलं सगळं काढून द्यायचं, रात्री अकराला ते परत गोळा करायचं, आणि महिन्याच्या शेवटी पुढच्या कामाची शाश्वती नाही, या जगण्याची किंमतही त्या हिशेबात धरायला हवी.

काळ आता थोडा पुढेमागे होईल, सांभाळा.

१ नोव्हेंबर १९६५, डब्लिनचं ऑलिम्पिया थिएटर. जॉन बी. कीन यांच्या ‘द फील्ड’चा पहिला प्रयोग. भाड्याने कसलेली जमीन लिलावात जाते म्हणून खुनापर्यंत जाणारा म्हातारा शेतकरी बुल मॅकेब रंगमंचावर आला की पहिल्या रांगेतले लोक पाय आत घेतात. नट रे मॅकॅनली. जन्म १९२६च्या मार्चचा, म्हणजे ॲबीतल्या त्या दंग्यानंतर सहासात आठवड्यांचा. ॲबीत आला १९४७ला, मॅकॉर्मिक गेला त्या वर्षी. बुल होताना तो ३९ वर्षांचा आहे, क्रॅपच्या टेपवरच्या आवाजाइतका. आता १९८९च्या जूनमध्ये या. ‘द मिशन’मधल्या कार्डिनलने त्याला जगभर ओळख दिली आहे, ‘माय लेफ्ट फूट’मध्ये त्याने बाप केला आहे, आणि त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक जिम शेरिडन आता ‘द फील्ड’ पडद्यावर आणताहेत. बुल अर्थातच मॅकॅनली. यावेळी वय जवळ आलं आहे, मेकअपमनला फारसं काही करावं लागणार नाही. १५ जूनला विक्लोमधल्या घरी हृदय थांबलं. वय ६३. बुलची भूमिका रिचर्ड हॅरिसकडे गेली आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. हॅरिस उत्तमच होते. पण पंचवीस वर्षं स्वतःजवळ ठेवलेली भूमिका योग्य वयात पुन्हा करायला मिळणं ही नटाच्या नशिबातली फार मोठी गोष्ट असते, आणि ती काही महिन्यांनी हुकली.

मग फेब्रुवारी १९९८चा शेवट, लंडनमधला दूरचित्रवाणीचा स्टुडिओ. ‘फादर टेड’च्या शेवटच्या भागाचं चित्रीकरण, समोर प्रेक्षक. डर्मट मॉर्गन पाद्र्याच्या झग्यात. डब्लिनमधला हा एके काळचा शिक्षक, आयर्लंडच्या पुढाऱ्यांची रेडिओवर नक्कल करून त्यांना घाम फोडणारा. आता एका काल्पनिक बेटावरच्या लबाड, धडपड्या, कायम तोंडघशी पडणाऱ्या पाद्र्याने त्याला दोन देशांत घराघरांत नेलं आहे. ही मालिका इथेच संपवायची हे त्याने ठरवलेलं आहे, पुढे वेगळं काही करायचं आहे. तुम्ही हसून हसून थकला आहात. दुसऱ्या दिवशी जेवायला जमलेल्या माणसांत त्याला हृदयविकाराचा झटका आला. ४५ वर्षांचा होता. वाहिनीने नवी मालिका एक आठवडा पुढे ढकलली. नंतर ती लागली आणि लोक हसले, आणि मला वाटतं हसले हेच योग्य झालं. त्याच्या बाबतीत उसन्या म्हातारपणाचाही हिशेब करता येत नाही. तेवढीही सवड त्याला मिळाली नाही.

आता मागे. १९९५चा वसंत, पुन्हा स्लोन स्क्वेअर, पुन्हा रॉयल कोर्ट. सदतीस वर्षांपूर्वी ज्या प्रेक्षागृहात तुम्ही मगीला बघितलंत त्याच्या वर, जिने चढून, एक चिमुकलं नाट्यगृह आहे. इथे नट आणि तुमच्यात हातभर अंतर. नाटक सबॅस्टियन बॅरी यांचं, ‘द स्टुअर्ड ऑफ क्रिसनडम’, दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क. साल १९३२, विक्लोमधल्या बाल्टिंग्लास गावच्या वेड्यांच्या इस्पितळातली एक खोली. खाटेवर मळक्या अंतर्वस्त्रांत पंच्याहत्तरीचा थॉमस डन. ब्रिटिशांच्या अमलात डब्लिनच्या पोलिसांत वरच्या हुद्द्यावर चढलेला कॅथलिक अधिकारी. १९२२ साली डब्लिन कॅसल मायकेल कॉलिन्सच्या हवाली होताना तो तिथे होता. ज्या राज्याची इमानाने चाकरी केली ते राज्य गेलं, नव्या राज्याला तो नको आहे, मुलगा महायुद्धात गेला, आणि तीन मुली आहेत. तीन मुली असलेला, राज्य गेलेला, भ्रमिष्ट म्हातारा. बघता बघता तुम्हाला मॅकॉर्मिकचा १९२८चा लिअर आठवतो.

नट डोनल मॅकॅन. वय ५१, मे महिन्यात ५२ होईल. त्याचे वडील नाटककार होते आणि डब्लिनचे लॉर्ड मेयरही. तो स्वतः तरुणपणी वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादकी शिकत होता. त्याला तुम्ही कदाचित पडद्यावर पाहिलं असेल, १९८७च्या ‘द डेड’मध्ये. व्हीलचेअरवर बसून, ऑक्सिजनच्या नळीनिशी जॉन ह्यूस्टननी केलेला तो शेवटचा चित्रपट. त्यात मॅकॅनचा गेब्रिएल मेजवानीत भाषण करतो, मांस कापतो, सगळ्यांशी नीट वागतो, आणि रात्री हॉटेलच्या खोलीत बायको पूर्वीच्या एका मुलाची आठवण सांगते तेव्हा काहीच न करता उभा राहतो. त्याआधी १९८०ला ॲबीत त्याने ब्रायन फ्रीलचं ‘फेथ हीलर’ केलं होतं. आदल्या वर्षी ब्रॉडवेवर ते नाटक वीस प्रयोगांत गुंडाळलं गेलं होतं, आणि तिथे त्याच भूमिकेत होता जेम्स मेसन, ‘ऑड मॅन आउट’मधला नायक. डब्लिनमध्ये मॅकॅनने ते नाटक उभं केलं. त्यानंतर ते पडलेलं नाटक म्हणून कुणी ओळखलं नाही.

पण आता त्याच्याकडे बघा, इतक्या जवळून बघायला पुन्हा मिळणार नाही. डन कधी पंच्याहत्तरीचा आहे, कधी पोलिसातला रुबाबदार अधिकारी, कधी पाच वर्षांचा पोर. मॅकॅन यासाठी आवाज बदलत नाही. खांदे जरा वर येतात, हनुवटी आत जाते, आणि खाटेवर मूल बसलेलं दिसतं. बोटं चादरीच्या काठाशी चाळा करतात आणि आठवण तुटली की थांबतात. शेवटी तो लहानपणीची गोष्ट सांगतो. घरच्या कुत्र्याने मेंढी मारली. कुत्र्याला आता मरण, हे ठरलेलं. पोरगा त्या कुत्र्याला घेऊन रानात लपला, आणि रात्री परत आला तो बाप आता दोघांनाही ठार करेल या भीतीने. बापाने त्याला छातीशी धरलं. मॅकॅन हे सांगताना रडत नाही. हातभर अंतरावर बसलेल्या तुमच्याकडे तो बघतही नाही. तुमच्या शेजारची बाई मात्र डोळे पुसायचं विसरली आहे.

हे नाटक पुढे मोठ्या नाट्यगृहांत गेलं, १९९७ साली न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्येही झालं, आणि तिथल्या समीक्षकांनी मॅकॅनला आपल्या काळातल्या थोर नटांत बसवलं. दोन वर्षांनी, १७ जुलै १९९९ला, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तो डब्लिनमध्ये गेला. ५६ वर्षांचा होता. थॉमस डनचं वय गाठायला अजून वीसेक वर्षं हवी होती आणि लिअर तर ऐंशीच्याही पुढचा. मे २०२३मध्ये मॅकॅन ऐंशीचा झाला असता. ॲबीच्या नव्या इमारतीत त्याने लिअर केला असता तर त्या तिकिटासाठी मी डब्लिनपर्यंत गेलो असतो, आणि तुम्हालाही ओढून नेलं असतं.